बर्फ पडतंय, खाली लोक नाचतायत

२४ एप्रिल

निघताना मिलाने तिची अर्धी कोरी राहिलेली शाळेची वही माझ्या पिशवीत कोंबली होती. "डोंगरात काय काय दिसतं ते लिही आई, आल्यावर मला वाचून दाखव." डिसेंबरात, आमच्याकडचा उन्हाळा लागताच, शेळ्या घेऊन वर आलो, उन्हाळा संपला, हिवाळा तोंडावर आला, आणि वही आज उघडतेय. उघडली तर मिलाला वाचून दाखवण्यासारखं काही सुचत नाही. मला भीती वाटतेय. हे आठ वर्षांच्या मुलीला काय वाचून दाखवायचं?

बाकीचे शेळीवाले ईस्टर होताच खाली उतरले. एकेकाचा कळप आमच्या झोपडीसमोरून गेला. जाताना प्रत्येकजण तेच विचारी, "क्लोरिंदो, इथंच हिवाळा काढायचा बेत आहे की काय?" आणि ताता प्रत्येकाला तेच उत्तर देत, "खाली काय ठेवलंय? धूळ? ती तर शेळ्या बाकीचं वर्षभर खातातच."

ताता म्हणजे माझे सासरे. मिला त्यांना ताता म्हणते म्हणून मीही म्हणते. धुळीचं म्हणतात ते खोटं नाही. आमच्या गावची, लोस किस्कोसची, नदी म्हणजे पांढऱ्या दगडांचा पट्टा. मिला जन्मायच्या आधीपासून तशीच. इथे वर पाणथळीच्या कडेने अजून थोडं हिरवं आहे.

पण खरं कारण हिरवं गवत नाही, खरं कारण ओनोफ्रे तापिया. टेकाडापलीकडच्या कुरणात तोही अजून बसून आहे. मधल्या झऱ्यावरून दोघांचं वाजलं त्याला कितीतरी वर्षं झाली. ओनोफ्रेने दगड रचून पाणी आपल्याकडे वळवलं, ताताने ते दगड ढकलून दिले, तेव्हापासून बोलणं बंद. आता जो आधी उतरेल त्याने झरा दुसऱ्याला सोडला असं होणार. म्हणून दोन म्हातारे बसलेत, आणि त्यांच्यापायी मी.

मी इथे असायलाच नको होते. ताताबरोबर दरवर्षी माझा दीर निबाल्दो येतो. यंदा त्याचा पाय मोडला. मी कोकिंबोच्या कोळ्याची मुलगी. समुद्राची भीती मला कळते, ती कुठून येते ते दिसतं. डोंगराची भीती पाठीमागून येते.

आणखी एक. माझ्या नवऱ्याने, रामिरोने, पार उत्तरेला समुद्रकाठच्या अंतोफागास्ताला दोन खोल्या बघितल्यात. खाणीतलं काम आता कायमचं झालं. जूनमध्ये मी आणि मिला तिकडे जाणार. ताताला सांगितलेलं नाही. खाली उतरलो की सांगेन.

२९ एप्रिल

सूर्याभोवती खळं पडलंय. शेळ्या सकाळपासून चरत नाहीत, वाऱ्याकडे पाठ करून उभ्या आहेत. मी म्हटलं, "ताता, उद्या निघू या." शेळ्या घेऊन खाली जायला तीन दिवस लागतात, आज ठरवलं तर बरं.

ते चीज दाबत होते. मान वर न करता म्हणाले, "ओनोफ्रेच्या झोपडीतून धूर निघतोय ना अजून?"

"निघतोय."

"मग झालं."

थोड्या वेळाने त्यांनी दोन चांगली मोठी चीजं कापडात गुंडाळून बाजूला ठेवली. "ही विकायची नाहीत. तुला. किनाऱ्यावर असलं मिळत नाही."

"कुठल्या किनाऱ्यावर? कोकिंबोला कोण जातंय आता?"

"किनारा लांब आहे, पोरी. पार उत्तरेपर्यंत गेलाय." आणि हसले. म्हातारपणी माणूस कुठलं कुठे बोलतो.

२ मे

काल दुपारी सुरू झालं. आधी बारीक, पिठासारखं. मग थांबेचना. आज दार ढकललं तर उघडेना, ताताने खांदा लावला तेव्हा फट पडली. समोरची पाणथळ नाही, वाट नाही, टेकाड नाही. सगळीकडे एकच पांढरा रंग आणि त्यात शेळ्यांचं ओरडणं.

ताता बाहेर गेले ते टोपी न घालता. मुठीत बर्फ घेतलं, दाबलं. बोटांतून पाणी निथळलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "जड आहे. ओलं आहे. हा नुसता कापूस नाही नेलिदा, हे पाणी आहे."

त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं शेळ्यांसाठी. पण ते हसत होते.

मला त्या हसण्याची भीती वाटली. शेळ्या आडोशाला एकमेकींवर चढताहेत, खालच्या गुदमरताहेत, आपण आत अडकलोय, आणि हा माणूस हसतोय.

३ मे

सकाळी शेळ्या ओढ्यापलीकडे सरकल्या होत्या. ताता त्यांना वळवायला गेले आणि बर्फाखालचं पाणी न दिसून गुडघ्यापर्यंत ओढ्यात गेले. तसेच दुपारपर्यंत बाहेर. मी म्हटलं, बूट काढा, चुलीशी वाळवते. म्हणाले, "काढले तर पुन्हा चढणार नाहीत. राहू दे."

संध्याकाळच्या आधी दारावर थाप पडली. बाहेर ओनोफ्रे तापिया, भुवया गोठलेल्या, मागे त्याची खेचर आणि जेवढ्या आणता आल्या तेवढ्या शेळ्या. पुढे ती घंटावाली काळी शेळी, जिला तो विधवा म्हणतो.

आत आला, पण ताताकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याशी बोलला. "नेलिदा, तुझ्या सासऱ्याला सांग, माझं छप्पर बसलं. भिंतीला टेकायला जागा द्यावी."

ताता दोन हात अंतरावर बसलेले. "नेलिदा, त्या माणसाला सांग, भिंत सगळ्यांची आहे. चुलीजवळची जागा माझी."

"सांग, चुलीजवळची हौस नाही. त्यांच्या पायांचा वास मला शाळेपासून माहीत आहे."

"सांग, त्याने तिसरीत तीन वर्षं काढली. वास घ्यायला वेळच वेळ होता."

मी म्हटलं, "दोघांनाही सांगते, मला हसू येत नाहीये." आणि रडायला लागले. ओनोफ्रेकाकांनी खिशातून 'माते' या कडू चहाच्या पानांची चुरगळलेली पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. आमची संपली होती. गरम पाणी ओतून नळी लावलेला चहाचा पोकळ भोपळा आम्ही तिघांत फिरवला. ताताने काकांच्या हातून घेतला, पण बघितलं नाही.

४ मे

ताताचा छोटा रेडिओ आज जरा वेळ लागला. खालच्या शहराचं, ओव्हायेचं केंद्र. निवेदक ओरडतच होता, "काय मंडळी, आभाळाने शेवटी मनावर घेतलं की नाही!" लोक फोन करून बोलत होते. एका गावात चर्चची घंटा वाजवताहेत. कुठे चौकात ढोल आणलेत. एक बाई नुसती रडत होती आणि म्हणत होती, पांढरा डोंगर बघायला माझा नवरा हवा होता. मग गाणं लावलं. खाली लोक नाचतायत.

आम्ही तिघं ऐकत होतो. म्हातारे दोघं माना डोलवत होते. बाहेर त्यांच्या शेळ्या मरतायत, आणि हे माना डोलवतायत. मी ओरडले, "कसला आनंद आहे तुम्हाला? तुमचं सगळं संपतंय!"

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "शेळ्या पुन्हा होतात गं, पोरी. हे होत नव्हतं." पहिल्यांदाच ताताने त्यांच्या बोलण्याला हुंकार दिला.

मग निरोप सांगायला लागले. अमक्याचा अमक्याला. आणि मधेच, "लोस किस्कोसहून इर्माचा, वर कुरणात असलेल्या नेलिदाला. मिला बरी आहे. शाळा बंद. भोपळ्याच्या पुऱ्या तळतोय. तुम्ही वेळेत उतरलात अशी आशा." इर्मा माझी नणंद. ती आशा म्हणाली. म्हणजे आम्ही कुठे आहोत हे तिला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

सेल संपत आलेत. ताताने रेडिओ बंद करून छातीशी अंगरख्यात ठेवला, सेल गरम राहावेत म्हणून.

५ मे

आज दोघांचं तोंड उघडलं. नको तेव्हा.

रात्रभर पडलेल्या बर्फाने छपरावरची ताडपत्री दबली, धूर जायची फट बुजली. सरपण ओलं, चूल पेटेना, नुसती धुमसत होती. जेवणानंतर मला इतकी छान झोप यायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थंडी वाजत नव्हती, भीतीसुद्धा वाटत नव्हती. मिला जवळ असल्यासारखं वाटत होतं. आणि नेमके तेव्हाच हे दोघं सुरू झाले. माझ्यामार्फत नाही, थेट.

"ओनोफ्रे, झऱ्यावरचे दगड तू रचलेस की नाही? बोल! डोळे मिटू नको, बोल!"

"रचले! आणि पुन्हा रचीन! तू पाडलेस ते भेकडासारखे, मी नसताना!"

"उठ आणि तोंडावर बोल!"

"तूच उठ!"

"पोरीला उठव आधी!"

काकांनी मूठभर बर्फ माझ्या मानेवर घातलं. वर गालावर दोन चापट्या. भांडण त्यांचं आणि चापट्या मला. मी म्हटलं, मला झोपू द्या. तर माझ्या दंडाला धरून दारात उभं केलं. आणि ताताने रागाच्या भरात काठीने छपरालाच भोक पाडलं. भसाभस बर्फ चुलीवर पडलं. विस्तव गेला. मग दोघं माझ्या दोन्ही बाजूंना दारात उभे राहून धापा टाकत राहिले. इतकी वर्षं मनात साठलेलं विष, माणसं अशा वेळी बाहेर काढतात.

आता डोकं भयंकर ठणकतंय. ओकारीही झाली. त्या भोकातून थंडी आत येतेय आणि कोणी बुजवत नाही. उलट ताता मधूनमधून काठी घालून ते मोकळं करतात. त्यांचा राग अजून गेलेला दिसत नाही.

६ मे

खायला उरलंय ते भाजलेलं पीठ, थोडं सुकं मांस, चीज. चीज भरपूर आहे, पण गिळवत नाही. काल मेलेल्या शेळीचं मांस काकांनी शिजवलं. विस्तवाला सरपण म्हणून शेळ्यांच्या गोठ्याचं फाटक तोडलं.

ताता चालताना डावा पाय ओढतात. विचारलं तर म्हणाले, "जुनं कुरूप आहे." बूट काढू देत नाहीत. काकांशी आता सरळ बोलतात, पण हळू, मला ऐकू जाणार नाही असं. कधी एकदम हसतात. माणसं इतकी वर्षं न बोलता काढतात आणि मग पोरांसारखी खुसपुसतात.

दुपारी ढगांच्या वर कुठेतरी हेलिकॉप्टरचा आवाज आला. आम्ही तिघं बाहेर धावलो, ताता मागून. मी पांघरूण हलवत राहिले. वर नुसतं करडं. आवाज गेला.

७ मे

पुन्हा पडतंय. लिहवत नाही. मिलाचा चेहरा आठवायचा प्रयत्न करते आणि फक्त तिचे बूट आठवतात.

८ मे

उघडलंय. आभाळ निळं, बघवत नाही इतकं. डोंगर असा उजळलाय की डोळ्यांतून पाणी येतं. एवढं सुंदर काही मी बघितलेलं नाही, आणि एवढी घाबरलेही नाही कधी. कुठूनतरी दूरवरून दडदड आवाज येतो, मग गप्प. ताता म्हणतात, बर्फ कड्यावरून सुटतंय, आपल्या बाजूला नाही.

उद्या पहाटे निघायचं. काका म्हणत होते, दोन दिवस थांबू, बर्फ बसू दे. ताता म्हणाले, दोन दिवसांनी मला जमणार नाही. "का नाही जमणार?" मी विचारलं. "म्हातारा झालोय," म्हणाले.

मी बाहेर वितळवायला बर्फ भरत होते तेव्हा आत दोघं बोलत होते. अर्धंच ऐकू आलं.

"जो मागे राहील त्याच्यासाठी थांबायचं नाही."

"कबूल."

"तिला खाली पोचवायचं. एवढंच."

"कबूल म्हटलं ना. हात दे."

विधवेबद्दल असणार. ती कळपाच्या पुढे असली तर बाकीच्या मागून येतात, म्हणून तिला जपायला हवं. एका शेळीसाठी हात मिळवणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

१२ मे, लोस किस्कोस

मी घरी आहे. मिला माझ्या पाठीला चिकटून झोपलीय. आत्ताच लिहिते, नाहीतर ते डोक्यातून जाणार नाही.

पहाटे निघालो. पुढे आमची खेचर पालोमा, तिच्या छातीने बर्फ फोडत. तिच्यावर ताता बसले. मला राग आला. ओनोफ्रेकाका त्यांच्याच वयाचे, ते चालत होते, स्वतःच्या खेचरीवर त्यांनी माझी पोतडी आणि चीज लादलं होतं, आणि ताता राजासारखे वर. शेळ्या मागून एका ओळीत, पोट घासत. खाली पडलेली उठत नव्हती. पहिल्या काहींना मी उचललं. मग उचलणं सोडून दिलं.

दुपारी त्या अरुंद घळीत शिरलो, जिला सगळे नुसतंच अरुंदी म्हणतात. दोन्ही अंगांना बर्फ वर लोंबत होतं. ताताने तोंडावर बोट ठेवलं. बोलायचं नाही. शेळ्यांच्या घंटांत चिंध्या कोंबल्या होत्या. मी माझा श्वाससुद्धा धरला होता. अर्धी घळ गेली असेल आणि वरून एक छोटा गोळा घरंगळत आला, माझ्या पायाशी फुटला. बस, एवढंच. पण विधवा बिचकली. गर्रकन वळली आणि आल्या वाटेने मागे पळाली. तिच्यामागे सगळा कळप.

काका माझ्या मागेच होते. त्यांनी आपल्या खेचरीचा दोर माझ्या हातात दिला. हळू म्हणाले, "लग्नाची बायको मला सोडून गेली, विधवेला मी सोडणार नाही. आलोच." आणि माझ्या खांद्यावर थोपटून वळले.

थोड्या वेळाने ढग उतरला. समोरची पालोमाची शेपूट दिसेना. मी थांबले. "ताता, ओनोफ्रेकाका आले नाहीत."

"चाल."

"त्यांना हाक तरी मारू या!"

"हाक मारलीस तर वरचं सगळं खाली येईल. चाल."

"मी बघून येते."

तेव्हा ते वळले. तो चेहरा मी ओळखला नाही. "नेलिदा, मागे बघितलंस तर मी खेचरीवरून उतरून तुला मारीन. चाल."

मी चालले. घळ संपली आणि मागे, ढगाच्या आत, मोठा आवाज झाला. छातीत बसला तो आवाज. मग वाऱ्याबरोबर बारीक बर्फ आमच्या अंगावर आलं, पिठासारखं. ताता थांबले नाहीत. मान खाली घालून बसून राहिले.

एका झऱ्यासाठी! इतक्या वर्षांच्या वैरासाठी एका माणसाने दुसऱ्याला असं सोडावं! रात्री एका गुहेत थांबलो, मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी खालून गावातली माणसं खेचरं घेऊन आली, निबाल्दो काठीवर लंगडत त्यांच्यात. मी ओरडून सांगितलं, काका मागे आहेत, जा, जा. ते गेले. संध्याकाळी परत आले. घळ भरलीय, म्हणाले. आता वसंतापर्यंत काही नाही.

गावात शिरलो तेव्हा लोकांनी आम्हाला मिठ्या मारल्या. कोणीतरी अॅकॉर्डियन वाजवत होतं. "काय बर्फ पडलं गं नेलिदा! बघितलंस ना वर? केवढं?" म्हातारी खेर्त्रुदिस माझे दोन्ही गाल धरून विचारत होती. तिची डाळिंबाची झाडं सगळी वाळलीत. तिला मी काय सांगणार? मी म्हटलं, "पुष्कळ." आणि ती नाचायला लागली.

१५ मे, ओव्हाये

गावात पोचल्यावर ताता खेचरीवरून उतरलेच नाहीत, पडले. इस्पितळात नर्सने बूट कात्रीने कापला. आतून जे निघालं तो पाय नव्हता. काळा. वास. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांचं आहे हे? ताता म्हणाले, "कळलं नाही." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.

आज पायाचा पुढचा अर्धा भाग काढला.

मी विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय? तू मला पाठीवर घेऊन उतरणार होतीस?"

मग म्हणूनच खेचरीवर. हे मला आता कळतंय. पण काकांचं? हाक मारू न देण्याचं?

२० जून

रामिरोचा फोन. कधी येताय? मी म्हटलं, पाय बरा होऊ दे. तो म्हणाला, बाबांना सांगितलंस? मी म्हटलं, अजून नाही. ताता शेजारच्याच खोलीत होते, म्हणून मी हळू बोलले.

पुन्हा बर्फ पडलं. खिडकीतून डोंगर दिसतो, पायथ्यापर्यंत पांढरा. मिला टाळ्या वाजवते. सगळं गाव रोज सकाळी उठून आधी तिकडे बघतं, बाळाचा ताप गेला का बघावं तसं. मी पाठ करून बसते. त्या पांढऱ्यात एक माणूस आहे.

३ सप्टेंबर

स्वप्न पडतं, की बर्फ वितळतंय आणि नदीतून काका वाहत येताहेत, आणि गावातले सगळे बादल्या घेऊन काठावर उभे आहेत. निबाल्दो म्हणतो, अरुंदीतून माणूस वाहून येत नाही, दगडात अडकतो. मला धीर यावा म्हणून त्याने तसं सांगितलं असावं.

ऊन तापायला लागलंय. लोक त्याची वाट बघत होते. मी नाही.

११ ऑक्टोबर

काल सापडले.

वर जाणाऱ्या माणसांबरोबर ताता हट्टाने निघाले. कुबड्या खेचरीला बांधल्या. कोणी अडवलं नाही, मीही गेले. घळीच्या वरच्या तोंडाशी एका खडकाखाली काका बसलेले होते. कोसळलेल्या बर्फाखाली नव्हेच. त्या आवाजाच्या पलीकडच्या बाजूला. गुडघे पोटाशी, टोपी नीट. मांडीत काळ्या शेळीचं डोकं. म्हणजे त्यांनी तिला गाठलं होतं, वळवलं होतं, आणि पुढे वाटच उरली नव्हती. किती वेळ बसले असतील? तो विचार मला करवत नाही आणि थांबवताही येत नाही.

ताताने टोपी काढली. आम्हाला वाटलं प्रार्थना म्हणतील. ते म्हणाले, "तिसरीत तीन वर्षं, आणि इथेही बसूनच राहिलास, गाढवा." आणि मग त्यांना उभं राहता येईना. दोघांनी धरलं.

उतरताना मी त्यांच्या खेचरीचा दोर धरून चालत होते. पायाखालून सगळीकडे पाणी वाजत होतं, बर्फाखाली, दगडांखाली. मी विचारलंच. मेपासून साठवलेलं. "ताता, तुम्ही तेव्हा मागे का वळला नाहीत?"

त्यांनी खेचरीला बांधलेल्या कुबड्या सरळ केल्या. मग म्हणाले, "मी वळलो असतो तर तू वळली असतीस."

एवढंच. मी पुढे चालत राहिले, कारण थांबले असते तर ते माझा चेहरा बघत बसले असते.

गाव दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "आणि आता उत्तरेला जा. फेब्रुवारीपासून वाट बघतोय तू कधी सांगतेस याची. निबाल्दो आहे, इर्मा आहे. मला एका पायावर शेळ्या मोजता येतात, राहिल्यात तरी कितीशा."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तू झोपेत मिलाला सांगतेस की, तिथे समुद्र आहे म्हणून."

१९ नोव्हेंबर

शनिवारी निघायचंय. सामान बांधत होते. दुपारी मिला अंगणातून ओरडत आली, "आई, टँकर आला! टँकर! मोठा आहे!" आणि कोपऱ्यातले दोन्ही कॅन घेऊन रस्त्याकडे पळाली. आठवड्याचा टँकर सोमवारी येतो, आज गुरुवार. मीही ऐकलं. जमिनीतून येणारी घरघर, पत्र्याला कंप. माझ्या हातातली बशी पडली. मला वाटलं वरून काहीतरी सुटलं. मला तो आवाज माहीत होता, किंवा वाटलं की माहीत आहे. मी मिलाला हाका मारत धावले.

ती रस्त्यात उभी होती, कॅन घेऊन. रस्ता दोन्हीकडे रिकामा. "आवाज येतोय, पण टँकर दिसत नाही," ती म्हणाली. आता तीही घाबरली होती. मी तिचा हात धरला आणि आम्ही उतारावरून खाली गेलो, विलोच्या झाडांच्या वाळक्या बुंध्यांपाशी. तिथे माझे पाय थांबले.

पांढऱ्या दगडांचा पट्टा नव्हता. गढूळ, तपकिरी पाणी काठाला धडका देत चाललं होतं. फांद्या, फेस, कोणाचं तरी कुंपण. मी प्रत्येक गोष्टीकडे दचकून बघत होते, ती जवळ येऊन फांदीच निघेपर्यंत. पाण्याचा गार वास तोंडावर येत होता. पलीकडच्या काठावर खेर्त्रुदिस गुडघ्यांवर बसली होती, नाचत नव्हती.

मिलाने कॅन खाली ठेवले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"आई, रांग कुठून आहे?"

मी म्हटलं, "रांग नाही, बाळा."

तिने कॅन पुन्हा उचलले आणि माझ्या मागे उभी राहिली.